विमानाचे मेकॅनिक होते आणि देवधर्म मनापासून पाळायचे, अशा वडिलांबद्दल लिहायचं तर काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील विमानांचे मेकॅनिक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, अतिशय श्रद्धाळू, रोजची प्रार्थना कधी चुकवली नाही. आता ते गेले, आणि त्यांच्या आठवणीत दोन पानं लिहून चार लोकांसमोर वाचायची आहेत, पण घरात त्यांच्या कामाबद्दल कुणालाच धड काही माहीत नाही कारण ते कधी बोललेच नाहीत. त्यामुळे 'देवभक्त होते, कष्टाळू होते' याच्या पुढे गाडी सरकत नाहीये.

मी स्वतः लायसन्सवाला मेंटेनन्स इंजिनिअर, नोकरीचा बराचसा काळ रात्रपाळीला हँगरमधे, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या मोठ्या शेडमधे गेला, बरोबरचे बरेच जण आता नाहीत आणि त्यांच्या घरच्यांना असं काहीतरी लिहायला मदत करायची वेळ माझ्यावर अनेकदा आलीय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक, ते बोलले नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्या धंद्यात सांगण्यासारखं काही घडलं तर ते बहुतेक वाईटच असतं. पायलटकडे किस्से असतात, वादळातलं लँडिंग, बंद पडलेलं इंजिन वगैरे. आमचं काम नीट झालं तर सकाळी विमान वेळेवर निघतं आणि आत बसलेल्या कुणाच्या डोक्यातही आम्ही नसतो. घरी येऊन माणूस काय सांगणार, की आज एक हायड्रॉलिक पंप बदलला आणि तो गळला नाही? वर बाबांची झोपायची वेळ आणि तुमची शाळेला निघायची वेळ एकच असणार, म्हणजे सांगायचं म्हटलं तरी कधी सांगणार.

आता मुद्द्याचं. अशा लेखात लोक हमखास एक परिच्छेद नोकरीवर लिहितात, एक देवावर, आणि दोन्ही जोडायला एक वाक्य टाकतात, 'देवाच्या कृपेने त्यांच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक विमान सुखरूप उतरलं.' हे वाक्य कृपा करून लिहू नका. ऐकायला बसलेल्यांमधे त्यांचे जुने सहकारी असतील तर ते मान खाली घालतील, आणि मला वाटतं खुद्द बाबांनाही ते आवडलं नसतं. कारण हँगरमधे विश्वास नावाची गोष्ट चालतच नाही. कितीही चांगला मित्र असला, कितीही सीनियर असला, तरी त्याने 'मी घट्ट केलंय' म्हटलं म्हणून ते घट्ट झालं असं कुणी धरत नाही. फ्लाईट कंट्रोल्सचं काम असेल, म्हणजे विमान वर-खाली, डावी-उजवीकडे वळवणारे भाग, तर एकाने केलेलं काम दुसऱ्याने, ज्याचा त्या कामाला हात लागलेला नाही अशाने, पहिल्यापासून परत तपासायचं आणि मग दोघांनी सही करायची. यात कुणाला अपमान वाटत नाही, वाटला तर तो माणूस या लाईनीत टिकत नाही.

म्हणजे बघा, न दिसणाऱ्या देवावर आयुष्यभर पूर्ण विश्वास ठेवणारा माणूस रात्री तीन वाजता टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन इंजिनाच्या मागे वाकून उभा आहे आणि म्हणतोय की मला दिसलं नाही तर मी सही करणार नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदत होत्या, तुमचा लेख मला तरी तिथे दिसतो, बाकी सगळं त्याच्या भोवती येईल.

घरच्यांना त्या अविश्वासाचं कारण कळावं म्हणून मी नेहमी एक खरी घटना सांगतो. १० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजची फ्लाईट ५३९०, बीएसी वन-इलेव्हन विमान, बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेलं. साधारण १७,००० फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच निघून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, केबिन क्रूने त्याला पायांना धरून ठेवलं, को-पायलटने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. चौकशीत काय निघालं तर उड्डाणाच्या आधी २७ तास ती काच बदलली होती आणि बसवलेल्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट व्यासाने इंचाच्या हजारात २६ भाग बारीक होते, म्हणजे पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. उरलेले ६ जाडीला बरोबर पण लांबीला आखूड. काच बदलणारा नवशिका नव्हता, शिफ्टचा मॅनेजर होता, अनुभवी होता, रात्री माणसं कमी म्हणून त्याने स्वतःच काम अंगावर घेतलं. जुना बोल्ट हातात धरून नवीन त्याच्याशी नजरेने जुळवले, पार्ट नंबर कॅटलॉगमधे बघितला नाही, आणि मजा म्हणजे जुन्यातलेही बरेचसे चुकीचेच होते. काच त्या 'दुसऱ्याने तपासायचीच' या यादीत नव्हती म्हणून कुणी परत बघितलंच नाही.

आम्हाला ही केस ट्रेनिंगमधे परत परत शिकवली जाते आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो, कारण तो माणूस आळशी नव्हता की बेफिकीर नव्हता, त्याला फक्त खात्री होती. तुमचे बाबा दाराची कडी दोनदा बघायचे, गॅसचा नॉब बंद करून परत हात लावून बघायचे, मुलाने 'हो केलंय' म्हटलं तरी स्वतः जाऊन खात्री करायचे आणि त्यावरून घरात वाद व्हायचे, असं असेल तर त्याचं मूळ इथे आहे. हे लेखात जरूर घ्या. घरच्यांना ती खोड वाटते, पण त्या माणसाचा अर्धा पगार त्या खोडीचाच होता.

मग श्रद्धा कुठे होती? माझ्या अनुभवात ती सहीनंतर सुरू होते. विमान सोडायच्या आधी रिलीझवर सही करावी लागते, नाव, लायसन्स नंबर, वेळ, आणि त्याचा अर्थ एवढाच की हे काम मान्य पद्धतीने झालंय आणि विमान उडायला योग्य आहे याची जबाबदारी माझी. सही झाली, विमान गेलं, आता तुमच्या हातात काहीच नाही. घरी जाऊन आडवं पडलं की डोक्यात सुरू होतं, ऑइलच्या टाकीचं झाकण लावलं ना? पिन काढली ना? पुसायचा रॅग आत राहिला नाही ना? चेकलिस्टवर टिक असते, सही असते, तरी होतं. काही जण फोन करतात, काही जण अर्ध्या रस्त्यातून परत येतात, काही जण पितात, हेही खरं आहे. आणि काही जण प्रार्थना करतात. मी पाहिलेले श्रद्धाळू लोक कामाच्या आधी देवाकडे फारसं काही मागायचे नाहीत, त्यांची प्रार्थना हात मोकळे झाल्यावरची होती, आपल्याकडून होतं तेवढं सगळं करून झाल्यावरची. तुमचे बाबा शिफ्टवरून येऊन आधी प्रार्थनेला बसायचे आणि मग झोपायचे असं आईला आठवत असेल तर ते नुसतं धार्मिक वळण म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी एक वेळ. जगात कुठेही विमान पडलं की आमच्यातला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, कुठला टाईप, म्हणजे कुठल्या मॉडेलचं विमान? आपण ज्यावर काम करतो तोच असेल तर दिवसभर जीव थाऱ्यावर नसतो, ते विमान आपल्या हँगरमधे कधी आलेलंसुद्धा नसलं तरी. अशा दिवशी बाबा काय करायचे हे आईला विचारा, टीव्ही बंद करायचे, फोन करायचे, की नेहमीपेक्षा जास्त वेळ प्रार्थनेला बसायचे? ज्यांच्याशी काही ओळख नाही अशा लोकांसाठी माणूस बसला असेल तर त्याच्या भक्तीबद्दल त्यातून जेवढं कळतं तेवढं 'कधी नेम चुकवला नाही' यातून कळत नाही.

आता नेमाचं बोलायचं तर तो शिफ्टमधे पाळणं महाकठीण. राईट बंधूंचं उदाहरण मला इथे आवडतं. त्यांचे वडील बिशप होते आणि दोघे भाऊ रविवारी काम करायचे नाहीत, उडायचे तर नाहीतच. १९०३ च्या डिसेंबरमधे किटी हॉकला सगळी तयारी झालेली असताना १३ तारीख रविवार आली तर त्यांनी तो दिवस सोडला, १४ ला प्रयत्न केला तो फसला, मोडलेलं दुरुस्त केलं आणि १७ ला विमान उडालं. (त्या विमानाचं इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने साधारण ६ आठवड्यांत बनवलं होतं. त्याचा वाढदिवस २४ मे, तो अमेरिकेत एव्हिएशन मेंटेनन्स टेक्निशियन डे म्हणून पाळतात. म्हणजे पहिलं विमान उडायच्या आधीपासून मेकॅनिक आहेच, नाव मात्र कुणाला आठवत नाही.) तर राईट बंधूंना रविवार सोडता आला, रोस्टरवरच्या माणसाला ती सोय नाही. विमान सणाच्या दिवशी जास्तच उडतं. मग काय करायचे तर ड्युट्या बदलून घ्यायच्या. तुझ्या सणाला मी येतो, माझ्या सणाला तू ये. वेगवेगळ्या धर्माची माणसं एका शिफ्टमधे असली की हे वर्षानुवर्षं चालतं, वहीत कुठे लिहिलेलं नसतं पण सगळ्यांना पाठ असतं. बाबांची ड्युटी सणाला कोण करायचा आणि त्याच्या सणाला बाबा जायचे का, हे जुन्या लोकांना विचारा. तो माणूस अजून असेल तर त्याला बोलवा, शक्य झालं तर दोन शब्द बोलायला सांगा.

उपासाचंही असंच. रात्री दोन ते सहा ही शरीराची सगळ्यात ढिली वेळ, त्यात पोटात काही नाही आणि चढायचंय विमानाच्या शेपटीवर, उंच डॉकिंगवर, म्हणजे विमानाभोवती उभ्या केलेल्या मचाणावर. कॅनडाच्या ट्रान्सपोर्ट खात्यात गॉर्डन ड्युपॉन्ट यांनी १९९३ मधे मेंटेनन्समधल्या चुकांची १२ कारणं मांडली, 'डर्टी डझन' म्हणतात त्याला, त्यात थकवा आहे आणि 'मला सगळं येतं' ही निर्धास्त वृत्तीही आहे. समजूतदार श्रद्धाळू माणूस उपास असला की चार्जहँडला, म्हणजे काम वाटून देणाऱ्या मुकादमाला आधीच सांगायचा, आज मला खालचं काम दे, तपासणीची सही दुसऱ्याकडून घे. काहींनी तर त्या दिवसात सरळ उपास सोडला आणि नंतर भरून काढला. बाबांनी असं काही केलं असेल तर ते लपवू नका, घरच्यांना वाटतं नेम मोडला असं लिहिलं तर कमीपणा येईल. माझं मत अगदी उलट आहे.

आणि अंगावरच्या वस्तू. हँगरमधे अंगठी, गळ्यातली साखळी, हातातला धागा, कडं, काहीही चालत नाही. फिरत्या भागात अडकलं तर बोट जातं, बॅटरीच्या टर्मिनलला धातू लागला तर हात भाजतो, आणि सुटून इंजिनात पडलं तर ते आणखी वेगळं. त्यामुळे देवाची खूण अंगावर घालणारी माणसं ड्युटीवर ती काढून ठेवायची, लॉकरमधे, पाकिटात, टूलबॉक्सच्या झाकणाला आतून फोटो चिकटवलेला असायचा. बाबांच्या बोटावर अंगठी कधी दिसली नाही किंवा ती फक्त सुट्टीच्या दिवशी दिसायची, असं काही आठवतंय का बघा.

आता माहिती कुठून काढायची. घरात कागद शोधा. लायसन्स, टाईप कोर्सची सर्टिफिकेट्स (कुठल्या विमानाचं, कुठल्या इंजिनाचं ते त्यावर असतं), आणि मुख्य म्हणजे अनुभवाची लॉगबुक. बऱ्याच देशांत असा नियम आहे की लायसन्सचा अधिकार वापरायचा तर मागच्या २ वर्षांत किमान ६ महिन्यांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून लोक तारीखवार नोंदी ठेवतात. या नोंदी तुम्हाला अगम्य वाटतील पण त्यात एक युक्ती आहे, कामाच्या सुरुवातीला दोन आकडी नंबर असतो तो जगभर एकच आहे. २४ म्हणजे इलेक्ट्रिकल, २७ फ्लाईट कंट्रोल्स, २८ इंधन, २९ हायड्रॉलिक्स, ३२ चाकं आणि लँडिंग गिअर, ३४ नॅव्हिगेशन, ४९ म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन ज्याला एपीयू म्हणतात, ७२ मुख्य इंजिन. पानं उलटून कुठला आकडा सारखा येतोय ते बघा. सगळीकडे ३२ दिसत असेल तर बाबा आयुष्यभर चाकं, ब्रेक आणि लँडिंग गिअर याच्यातच होते, आणि मग 'विमानांची दुरुस्ती करायचे' याऐवजी तुम्हाला नेमकं लिहिता येईल.

त्याच नोंदीत विमानाचं रजिस्ट्रेशनही असतं, कारच्या नंबरप्लेटसारखं. जास्त वेळा आलेलं एखादं निवडा आणि इंटरनेटवर शोधा, त्या विमानाचं पुढे काय झालं ते बहुतेक वेळा मिळतं. काही भंगारात जातात, काही मालवाहू होतात, एखादं म्युझियममधे उभं असतं. हे शोधताना घरातली लहान मुलं रमतात असा माझा अनुभव आहे, त्यांना हे काम द्या.

माणसांमधे साहेबांना विचारू नका, ते 'अत्यंत निष्ठावान कर्मचारी' म्हणून मोकळे होतील. स्टोअरवाल्याला विचारा, शिफ्टच्या जोडीदाराला विचारा, आणि बाबांच्या हाताखाली शिकलेल्या ट्रेनीला जो आता स्वतः पन्नाशीचा असेल. प्रश्नही नेमके विचारा. अवघड काम आलं की त्यांनाच बोलवायचे ते कुठलं? त्यांनी सही करायला कधी नकार दिला होता का, आणि तेव्हा काय झालं? ते चिडायचे कशावर? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात मजेदार येतात. बहुतेक वेळा उत्तर असतं की हत्यार जागेवर नसलं की. टूलबोर्डवर प्रत्येक पान्याच्या आकाराची जागा कापलेली असते, शिफ्ट संपताना एकही जागा रिकामी दिसली तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान हलत नाही, मग पॅनल, म्हणजे विमानाच्या अंगावरची झाकणं, परत उघडावी लागली तरी.

जोडीदार भेटला तर सेफ्टी वायरबद्दल जरूर विचारा. बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवून, पीळ देऊन शेजारच्या बोल्टला बांधतात, अशी की बोल्ट सैल व्हायला गेला तर तार त्याला घट्ट व्हायच्या दिशेने ओढेल. पीळ एकसारखा, नेहमीच्या तारेला इंचात साधारण ६ ते ८, आणि शेवटचं टोक आत वळवायचं म्हणजे पुढच्या माणसाचा हात फाटत नाही. आम्ही नुसती तार बघून सांगायचो हे काम कुणाचं. वर पॅनल बसलं की ते काम सी चेक नावाच्या मोठ्या तपासणीपर्यंत म्हणजे दीड-दोन वर्षं कुणाच्या नजरेला पडणार नसतं, तरी काही जण मनासारखा पीळ नाही आला की तार कापून पहिल्यापासून करायचे. कुणी बघत नसलं तरी देव बघतोय असं बाबा म्हणायचे, असं कुणी सांगितलं तर लिहा. कुणी सांगितलं नाही तर त्यांच्या तोंडी घालू नका, सुचायला सोपं आहे म्हणून तर नकोच.

रिटायरमेंटनंतरचं तुम्ही स्वतः बघितलंय, त्यात मी काय सांगणार. फक्त एवढंच की प्रार्थनेच्या जागेतले पंखे, स्पीकर, शिडी, डगमगणाऱ्या खुर्च्या हे सगळं अशा माणसाकडे आपोआप येतं आणि तिथल्या लोकांना ते विमानातले होते हे माहीतही नसतं. तिथे चौकशी करा. आणि ऐकायला कमी येत असेल, टीव्ही मोठा लावायचे म्हणून भांडणं होत असतील तर तेही लिहा, विमानाच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहिल्याचा तो परिणाम असू शकतो, आमच्यातले बरेच जण बारीक आवाजाला बहिरे आहेत.

थोडं काय टाळायचं ते. हुद्दा कागदावर आहे तोच लिहा, मेकॅनिकला चीफ इंजिनिअर करू नका, समोर बसलेल्यांना फरक कळतो. 'एकही चूक केली नाही' लिहू नका, असा माणूस या धंद्यात नसतो आणि असं म्हणणाऱ्याबरोबर आम्ही काम करायला घाबरतो. कंपनीचे जॉबकार्ड (कामाची नोंद करायचे कागद) किंवा मॅन्युअलची पानं घरात सापडली तर त्यांचे फोटो कुठे टाकू नका. रबरी स्टॅम्प सापडला तर तो तर अजिबातच नको, त्यावर त्यांचा नंबर असतो आणि तो त्यांच्या सहीच्याच किमतीचा असतो, कंपनीला कळवून परत करा. लांबीचं म्हणाल तर वाचायला सात-आठ मिनिटं पुरे. सुरुवात जन्मतारखेने करू नका, थेट एखाद्या रात्रीच्या शिफ्टपासून करा, जन्म-शिक्षण मधे कुठेतरी येऊन जाईल.

टूलबॉक्सचं तुम्ही विचारलं नाहीये पण प्रत्येक घरात हा प्रश्न येतोच. हत्यारं त्यांची स्वतःची असतील तर या लाईनीत शिकणाऱ्या एखाद्या मुलाला द्या, भंगारात घालू नका, चांगली हत्यारं महाग असतात आणि नव्या मुलांना परवडत नाहीत. त्यात टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) असेल तर देताना सांगा की कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे त्याचं माप बरोबर आहे का ते तपासून घेतल्याशिवाय वापरू नको, स्टिकरवरची तारीख कधीच उलटून गेलेली असणार.